सात मिनिटांचा अंधार

मी एका तिकीट बुकिंगच्या ॲपसाठी प्रेक्षकांचे रिव्ह्यू तपासते. शुक्रवारी सिनेमा लागतो, रात्रीचे शो सुटतात आणि घरी पोचेपर्यंत लोकांनी फोनवर जे काही ओतलेलं असतं, ते शनिवारी सकाळी माझ्यापुढे रांग लावून उभं असतं. त्यामुळे शनिवारची शिफ्ट कुणालाच नको असते. हॉररचा दुसरा भाग लागला असेल तर अजिबातच नको.

कारण हॉररच्या सीक्वेलचा आलेख जवळजवळ नेहमीच डंबेलसारखा येतो. एक गुणाच्या टोकाला गोळा, दहाच्या टोकाला गोळा, मध्ये बारीक दांडी. ‘बरा होता’ असं वाटलेला माणूस जेवून झोपतो. लिहायला बसतो तो खूश झालेला, नाहीतर पेटलेला. त्यात सीक्वेलला येणारा माणूस पहिला भाग मनात घेऊनच खुर्चीत बसतो. भूत तेच असलं तर ‘परत तेच’, वेगळं असलं तर ‘आमचं भूत कुठंय?’ हे काही आजचं नाही. 1982 साली ‘हॅलोवीन’च्या तिसऱ्या भागातून मुखवटेवाल्या खुन्यालाच काढून वेगळी गोष्ट सांगितली. लोक इतके चिडले, की 1988 मध्ये आलेल्या चौथ्या भागाच्या नावातच तो परतल्याचं लिहावं लागलं. आपल्याकडे ‘राज़’ 2002 नंतर 2009, 2012 आणि 2016 मध्ये परत आला, दरवेळी गोष्ट नवी आणि पाटी जुनी. अशा पाटीखाली शिव्या कशा पडतात ते मला पाठ आहे.

तर त्या शनिवारी एका हिंदी हॉररचा दुसरा भाग लागून एक दिवस झाला होता. नाव सांगत नाही. सिस्टीमने रात्रीत 67 रिव्ह्यूंचा एक गठ्ठा लाल करून ठेवला होता. 38 जणांनी एक गुण दिलेला, 29 जणांनी दहा. सगळे रात्री पावणेबारा ते साडेबारामधले. बहुतेक खाती नवी, आणि इंटरनेटचा पत्ता बऱ्याच जणांचा एकच. यातल्या शेवटच्या गोष्टीवर मी फारशी जात नाही. मोबाइल कंपन्या एकाच पत्त्यावर शेकडो ग्राहक बसवतात, त्यामुळे अख्खं गाव एका घरात राहतंय असं दिसू शकतं. पण मजकूर वाचला आणि सरसावून बसले. जवळजवळ प्रत्येकाने ‘अंधारातला सीन’ लिहिला होता.

“पडदा काळा, फक्त आवाज, आयुष्यात इतका घाबरलो नाही.” दहा.

“भूत कोण ते दाखवलंच नाही, नुसता अंधार. पैसे परत द्या.” एक.

शेजारच्या ज्युनिअरने आदल्या दिवशीच पुण्यात पहिला शो पाहिला होता. तिला विचारलं. ती म्हणाली, “ताई, असला सीनच नाहीये.”

आमच्या धंद्यात याहून मोठा पुरावा नसतो. पैसे घेऊन लिहिणारा सिनेमा बघत नाही. ट्रेलरवरून, पोस्टरवरून किंवा कुणीतरी पाठवलेल्या चार ओळींवरून लिहितो आणि नसलेल्या सीनमध्ये सापडतो. मी 67 च्या 67 रोखले. रोखले म्हणजे उडवले नाहीत. ते दिसत नाहीत आणि सरासरीत धरले जात नाहीत. गुणांची नुसती बेरीज-भागाकार तशी बऱ्याच मोठ्या साइट करत नाहीत. आयएमडीबीसुद्धा वजन लावून सरासरी काढते आणि सूत्र मुद्दाम पूर्ण सांगत नाही. सांगितलं तर दुसऱ्या दिवशी लोक सूत्र बघून मतं घालतील.

चहा आणला तरी एक गोष्ट टोचत होती. भाड्याची टोळी एका बाजूची असते. निर्मात्याची माणसं दहा देतील, त्याच्या वैऱ्याची एक देतील. पण दोघांना एकच खोटा सीन कुणी पुरवला?

परत गठ्ठा उघडला. 67 पैकी दोघांच्या नावापुढे तिकिटाची खूण होती, म्हणजे त्यांनी आमच्याच ॲपवरून तिकीट काढलं होतं. बाकीच्यांनी खिडकीवर काढलं असणार. दोन्ही तिकिटं मराठवाड्यातल्या एका तालुक्याच्या गावातली, एकाच टॉकीजची, रात्री नऊच्या शोची. एकाने दहा दिले होते, एकाने एक. टॉकीजचा नंबर आमच्याकडे होताच. मालकांनीच उचलला.

“काका, काल रात्रीच्या शोला काही झालं होतं का?”

थोडा वेळ काहीच नाही. मग म्हणाले, “तुमच्यापर्यंत आलं का?”

प्रोजेक्टरचा लॅम्प गेला होता. या लॅम्पचं असं असतं, की तो विझला तरी आवाजाची यंत्रणा वेगळी असल्याने सिनेमा पुढे चालूच राहतो. ऑपरेटर खाली चहाला गेलेला. तो धावत वर येऊन लॅम्प पेटवेपर्यंत, दोनदा न पेटून तिसऱ्यांदा पेटेपर्यंत, सात मिनिटं गेली.

“मला वाटलं, आता खुर्च्या फाडतेत,” काका म्हणाले. “दाराशी जाऊन उभा राह्यलो तर पब्लिक चिडीचूप. आत बाई किंचाळायलीय, पाळणा कुरकुरायलाय, आन् लोकं श्वास धरून बसलेले. त्यांना वाटलं पिच्चरच तसाय. मग म्या बी कशाला बोलू?”

त्या सात मिनिटांतच भूत कोण ते उघड होतं. पुण्यात ते पडद्यावर दिसलं होतं, आणि ज्युनिअरच्या मते तिथेच सिनेमा पडला होता, कारण मेकअप भिकार.

आता गठ्ठ्याचं करायचं काय? टीम लीडचं म्हणणं सरळ होतं. एकवाल्यांची तक्रार टॉकीजची आहे, सिनेमाची नाही, ती काढून तक्रार विभागाकडे पाठव. दहावाले ठेव. मी म्हटलं, हे कसं? दहावाल्यांनीही लॅम्पलाच गुण दिलेत. भारतीय मानक ब्युरोने 2022 मध्ये ऑनलाइन रिव्ह्यूंसाठी आयएस 19000 हे ऐच्छिक मानक आणलंय. लिहिणारा माणूस खरा आहे की नाही ते कसं तपासायचं, हे त्यात आहे. माणूस खरा, तिकीट खरं, घाबरणं खरं आणि सीन तेवढा नाही, यासाठी मात्र मला त्यात काही सापडलं नाही.

बराच वेळ हुज्जत घातल्यावर सगळे 67 परत दिसू लागले. हजारो मतांत सरासरी हललीसुद्धा नाही. टॉकीजवाल्या काकांना मी पुढच्या वेळी निदान तिकिटाचे पैसे द्या म्हटलं. ते ‘बघू’ म्हणाले.

पुढच्या बुधवारी कोथरूडच्या एका गृहस्थांचा रिव्ह्यू आला, तिकिटाच्या खुणेसह. दहापैकी चार गुण. “इतरांनी ज्या अंधारातल्या सीनची एवढी तारीफ केली आहे, तो आमच्या थिएटरमध्ये दाखवलाच नाही. सेन्सॉरने कापला का?” खाली 112 लोकांनी ‘उपयुक्त’ दाबलं होतं.