पोट दुखतं, एवढंच तो सांगायचा

माझा लेक नववीत आहे. त्याचं नाव लिहिणार नाही आणि शाळेचंही नाही. लिहू का म्हणून विचारलं, तर म्हणाला, "लिही, पण मी कोण ते कळू देऊ नको." जळगाव जिल्ह्यात रावेर तालुक्यातलं गाव, एवढं पुरे. त्याचे पप्पा केळीची गाडी चालवतात, दिल्लीपर्यंत जातात. घरी माझी पिठाची गिरणी आहे.

आमच्या गावची शाळा आठवीपर्यंतच. जून २०२५ मध्ये त्याचं नाव तालुक्याच्या शाळेत घातलं, सेमी इंग्लिशच्या तुकडीत. सकाळच्या एसटीने जायचा. गणितात हुशार, म्हणून काळजी नव्हती. जुलैत पोट दुखायला लागलं. सहाला उठला की पोट धरून बसायचा, तळहात ओले, कधी उलटी. एसटी निघून गेली की साडेनऊपर्यंत बरा व्हायचा. रविवारी दुखायचं नाही, हे माझ्या ध्यानात यायला दीड महिना गेला.

तोवर आम्ही दवाखाने केले. पित्ताच्या गोळ्या झाल्या, दोन वेळा सलाईन लावलं, सोनोग्राफी केली. सोनोग्राफी नॉर्मल आली आणि तिथून जास्त त्रास सुरू झाला. रिपोर्टात काही नाही म्हटल्यावर घरातले म्हणायला लागले, नाटक करतो. सासूबाईंना वाटलं बाहेरचं असेल. मी उताराही करून पाहिला. श्रावणात कानबाईच्या रोटांना, म्हणजे आमच्या खानदेशातल्या सणाला, घर पाहुण्यांनी भरलं होतं आणि हा गोठ्यात चाऱ्याच्या गंजीमागे बसून होता. जेवायला हाक मारली तर आला नाही. ताट मीच तिकडे नेलं. गिरणीवर दळण घेऊन येणाऱ्या बाया विचारायच्या, पोरगा घरी कसा? मी म्हणायची, पोट दुखतं.

पोळा झाल्यावर वर्गशिक्षिका मॅडमचा फोन आला. ऑगस्टमध्ये तो निम्म्याहून जास्त दिवस गैरहजर होता. मला वाटलं दाखला काढून न्या म्हणतील. त्या म्हणाल्या, "ताई, रागावू नका, पण वाचायला उभं केलं की त्याचा आवाजच जातो. तुम्ही एकदा या."

गेले. तिथे कळलं ते असं. पहिल्याच आठवड्यात सरांनी काहीतरी विचारलं, तेव्हा तो उभा राहून म्हणाला, "मले नाही आलं." सगळा वर्ग हसला. त्या दिवसापासून त्याचं नाव पडलं, 'मले'. ए मले, इकडे ये. मले, डबा काय आणला? एसटीतसुद्धा तेच. मॅडमलाही हे उशिरा समजलं, एका मुलीने सांगितलं म्हणून.

मले, तुले ही माझी बोली आहे. मीच त्याला बोलायला शिकवलं. परतीच्या एसटीत मी पदर तोंडाला लावून बसले होते.

त्या रात्री मी त्याच्याजवळ बसले आणि म्हटलं, मॅडमने सगळं सांगितलं. बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "मम्मी, मले वाटतं झोपावं ना, तर मग उठूच नये." माझे हातपाय गळाले. ह्यांची गाडी मध्य प्रदेशात कुठेतरी होती. मॅडमने एका चिठ्ठीवर नंबर लिहून दिला होता, १४४१६. टेली-मानस म्हणतात त्याला. सरकारी आहे, ऑक्टोबर २०२२ पासून चालतो, रात्रंदिवस आणि फुकट, मराठीतही बोलता येतं. रात्री अकराला गिरणीच्या खोलीत जाऊन फोन लावला.

पलीकडच्या बाईंनी आधी मला शांत केलं. मग विचारलं, "त्याच्या मनात जीव द्यायचे विचार येतात का, असं तुम्ही त्याला विचारलंत का?" मी म्हटलं, असं कसं विचारू, नसलेलं डोक्यात जाईल. त्या म्हणाल्या, विचारल्याने विचार डोक्यात शिरत नाही. उलट कुणीतरी सरळ विचारलं की मुलाला मोकळं वाटतं. आडून नको, नीट शब्दांत विचारा, आणि उत्तर ऐकून रडू-ओरडू नका. दुसरी गोष्ट, घरात फवारणीची औषधं असतील तर आजच कुलपात टाका. किल्ली तुमच्याकडे. ही गोष्ट मला कोणत्याच डॉक्टरने सांगितली नव्हती, आणि शेतकऱ्याच्या घरात ती सगळ्यात आधी करायची गोष्ट आहे. मी फोन ठेवला आणि ओट्याखालचे सगळे डबे पेटीत भरून कुलूप घातलं.

मग त्याला विचारलं. तो म्हणाला, "कधी कधी येतो विचार. पण करणार नाही काही." आणि रडला, दोन महिन्यांत पहिल्यांदा. त्या रात्री मी त्याच्या खाटेजवळच झोपले.

दुसऱ्या दिवसापासून खरी धावपळ. ग्रामीण रुग्णालयात 'मैत्री क्लिनिक' असतं, १० ते १९ वर्षांच्या मुलामुलींसाठी, तिथे समुपदेशक बसतात. पाटी मी कितीदा पाहिली होती, पण ते मुलींच्या पाळीच्या तक्रारींसाठी असेल असा माझा समज. तिथल्या समुपदेशक ताईंनी आधी त्याच्याशी एकट्याने बोलणं केलं, मला बाहेर बसवलं. मला ते आवडलं नाही, पण बरोबर होतं. नंतर मला म्हणाल्या, त्याने सांगितलेलं सगळं मी तुम्हाला सांगणार नाही. जिवाला धोका वाटला तरच सांगेन, आणि हे त्यालाही माहीत आहे. त्यांनी जळगावच्या शासकीय रुग्णालयाच्या मानसोपचार विभागासाठी चिठ्ठी दिली. 'उठूच नये' हे वाक्य त्याने उच्चारलं होतं, म्हणून मोठ्या डॉक्टरांनी एकदा पाहायलाच हवं, असं त्यांचं म्हणणं.

जळगावला केसपेपरच्या रांगेत अर्धा दिवस गेला, पण डॉक्टरांनी वेळ दिला. चिंतेचा आजार म्हणाले, लोकांसमोर बोलण्याच्या भीतीचा. गोळी आत्ता नको, आधी समुपदेशन करू, महिन्याने परत दाखवा. आणि पोटाचं समजावलं. धोका दिसला की शरीर पळायची तयारी करतं. काळीज धडधडतं, हातपायांकडे रक्त धावतं, पोटाकडे कमी होतं, आतडी आवळतात. म्हणून दुखणं खरं असतं, सोनोग्राफीत दिसत नाही एवढंच. हे ऐकताना माझा लेक माझ्याकडे बघत होता. घरी आल्यावर मी सासूबाईंना आणि दिरांना बसवून हेच सांगितलं आणि वर सांगितलं की नाटक हा शब्द या घरात परत निघाला नाही पाहिजे.

ह्यांना पटायला वेळ लागला. "आम्ही काय कमी सोसलं?" म्हणाले. पुढच्या वेळी मी त्यांनाच ताईंकडे पाठवलं. तिथे काय झालं मला माहीत नाही. आले ते न बोलता अंगणात बसले.

शाळेचं सांगते, कारण दवाखान्याने अर्धंच काम होतं. पोरगा बरा करून परत त्याच वर्गात पाठवायचा आणि तिथे 'ए मले' चालूच, तर काय उपयोग? मी मुख्याध्यापकांना भेटले. पहिलं उत्तर, आमच्याकडे असले प्रकार नाहीत. दुसरं उत्तर, समुपदेशकाचं पद मंजूर नाही. जुलै २०२५ मध्येच सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं आहे की १०० किंवा जास्त विद्यार्थी असलेल्या प्रत्येक शिक्षणसंस्थेने निदान एक प्रशिक्षित समुपदेशक नेमावा, आणि त्याहून लहान संस्थांनी बाहेरच्या तज्ज्ञांशी कायमची जोडणी ठेवावी. हे मला मैत्रीच्या ताईंनी सांगितलं होतं. मी ते सरांपुढे मांडलं, भांडून नाही, पण उठलेही नाही. एवढ्या मोठ्या शाळेत पोरांनी मनातलं सांगायला एक माणूस नाही, हे मला आजही पटत नाही. शेवटी एवढं ठरलं की मैत्रीच्या ताई महिन्यातून एकदा शाळेत येतील आणि ग्रंथालयाच्या मागच्या खोलीत बसतील. त्या खोलीचं दार मैदानाकडे नाही, म्हणून कोण आत गेलं ते कुणाला दिसत नाही. ही खोली मॅडमने शोधली. ऑफिसात बसवलं असतं तर एकही पोरगा गेला नसता.

ताईंनी शाळेसाठी एक पत्र दिलं. त्यात आजाराचं नाव नव्हतं, मीच नको म्हटलं होतं आणि त्यांनाही ते मान्य होतं. वर्गात काय करायचं एवढंच लिहिलं होतं. अचानक वाचायला उभं करू नये, आदल्या दिवशी सांगावं. घाबरल्यासारखं झालं तर न विचारता पाच मिनिटं बाहेर जाऊ द्यावं. आणि घरी पाठवू नये. हे शेवटचं मला कठोर वाटलं. ताई म्हणाल्या, शाळा टाळली की लगेच बरं वाटतं ना, त्यातूनच भीती शिकते की टाळणं हाच उपाय. दर खेपेला ती मोठी होते. म्हणून पायरी लहान ठेवायची, पण पायरी सोडायची नाही.

पायऱ्या त्यानेच लिहिल्या, वहीच्या मागच्या पानावर. पहिली फक्त एसटीत बसून शाळेच्या फाटकापर्यंत जायची. मग दोन तास वर्ग. मग मॅडमला एकट्यात चार ओळी वाचून दाखवायच्या. मग एका मित्रासमोर. प्रत्येक वेळी भीतीला शून्य ते दहा नंबर द्यायचा. फाटकाला त्याने नऊ दिले होते. त्याच फाटकाला आठवड्याने चार दिले. पप्पा रोज रात्री गाडी ढाब्यावर लागली की फोन करायला लागले, "आज किती?" एवढंच विचारायचे.

दिवाळीआधी एकदा सगळं कोसळलं. एका शिक्षकांनी भर वर्गात म्हटलं, "त्याला विचारू नका, त्याची ट्रीटमेंट चालू आहे." पत्र तिघांनीच वाचायचं ठरलं होतं. बारा दिवस तो गेला नाही. मॅडम घरी आल्या. माझ्या ओट्यावर बसून त्यांनी त्याची माफी मागितली, स्वतःची चूक नसताना. पायऱ्या परत फाटकापासून सुरू झाल्या. वर्गातल्या पोरांशीही मॅडम बोलल्या. त्याचं नाव न घेता, घरची बोली कोणाकोणाची वेगळी आहे एवढंच विचारलं. अर्ध्याहून जास्त हात वर झाले. तडवी पोरं, पावरा पोरं, अहिराणी बोलणारी, लेवा बोलणारी. सगळे आजवर वर्गात शिरताना आपली जीभ बाहेर ठेवून येत होते.

अजून पूर्ण बरं नाही. सोमवारी सकाळी पोट दुखतंच, कमी. जळगावची एक फेरी बाकी आहे. फवारणीच्या औषधांच्या पेटीची किल्ली अजून माझ्याच गळ्यात आहे.

गेल्या आठवड्यात मी दादर ज्वारीचं दळण काढत होते, तर शाळेतून येऊन दारात उभा राहिला. गिरणी बंद कर म्हणाला. केली. म्हणाला, आज विज्ञानाच्या तासाला हात वर केला.

"काय विचारलं?"

"विचारलं नाही. सांगितलं. सर, मले हे नाही समजलं."

"हसले कोणी?"

"दोघं हसले. सरांनी परत समजावून सांगितलं."

"किती होतं मग?"

जरा विचार केला त्याने. "उभा राहताना आठ. बसलो तेव्हा पाच." आणि सायकल काढून दूध घालायला डेअरीवर निघून गेला.