मॅडमनी मोदक खावेत की नाही

बँकेत शाखेची मॅनेजर म्हणून प्रमोशनची ऑर्डर आली तेव्हा मी पुण्यात होते. जुन्या साहेबांनी पेढा तोंडात टाकत एकच सल्ला दिला, "स्टाफच्या घरी जेवायला जायचं नाही. एकदा त्यांच्या पानावर बसलात की मेमो काढायला हात उचलत नाही." मी मान डोलावली. शहाणा सल्ला होता. फक्त माझी शाखा ज्या कोकणातल्या गुहागर तालुक्यात होती, तो तालुका सल्ला देणाऱ्याने पाहिलेला नव्हता.

सात माणसांची शाखा. माझी घरमालकीण आमच्या एका क्लार्कची मावशी. दूध घालणारा दुसऱ्याचा मेव्हणा. पहिल्याच रविवारी बाजारात बांगड्याच्या वाट्यापाशी घासाघीस करत उभी होते, तर मागून आमचे शिपाईमामा आले आणि विक्रेतीला म्हणाले, "अगो, आमच्या मॅडम आहेत ह्या." तिने काही न बोलता वाट्यात आणखी दोन बांगडे टाकले. (सोमवारी मी सिस्टिममध्ये गुपचूप बघून घेतलं, तिचं आपल्याकडे कर्ज नव्हतं.) टेबलावर पाण्याचा ग्लास ठेवताना मामांनी विचारलं, "कालवणात तिरफळं घातलीत ना?" माझ्या स्वयंपाकघरात काय शिजलं हे ज्यांना माहीत, त्यांच्यापासून अंतर राखायचं म्हणजे नेमकं कुठून कुठपर्यंत?

तरी मी दोन महिने निकराने राखलं. मग गणपती आले.

कोकणात भाद्रपदात स्टाफला रजा देणं हे ज्याने केलंय त्यालाच कळेल. अख्खी मुंबई गाड्या भरभरून गावाला येते, आणि आमच्या माणसांचं तर गावच इथे. सातांपैकी सहा अर्ज. मी आपले अर्जांच्या तारखा बघून, हिशेबाने, एकाला पाच दिवस आणि दुसऱ्याला दोन दिवस दिले. इथपर्यंत सगळं नियमाने झालं. चुकलं ते पुढे. पाच दिवसवाल्याचं घर माझ्या वाटेवर. दर्शनाला म्हणून गेले, तर त्याच्या आईने पुढ्यात पान मांडलं. केळीच्या पानावर वाफेचे उकडीचे मोदक, कळ्या अशा नाजूक की मोजाव्यात, आणि वर साजूक तूप. फोडलेल्या मोदकातून गूळ-खोबऱ्याचा वास आला आणि जुने साहेब त्या वासात कुठे विरघळले कळलं नाही. सात खाल्ले. मोजणारी त्याची आई होती आणि तिने तो आकडा गावभर अभिमानाने सांगितला.

दोन दिवसवाला आठवडाभर माझ्याशी कामापुरतं बोलला. कँटीनमध्ये (म्हणजे स्टेशनरीच्या खोलीत जिथे स्टोव्ह आहे तिथे) तो म्हणाला म्हणे, "अर्जासोबत मोदक जोडायचे असतात हे आपल्याला माहीत नव्हतं." मामांनीच आणून सांगितलं. मी तारखांचं रजिस्टर उघडून दाखवू शकले असते, पण सात मोदकांपुढे रजिस्टर टिकत नाही. मग ठरवलं, जायचं तर सगळ्यांकडे जायचं. पुढच्या वर्षी दीड दिवसाच्यांपासून अनंत चतुर्दशीपर्यंत सहाही घरं केली. पित्त झालं, पण तक्रार उरली नाही.

मे महिन्यातल्या आंब्याच्या पेट्यांचं वेगळंच. झाडाचे आंबे घेऊन कुणी दारात उभं राहिलं तर त्याला 'भेटवस्तू स्वीकारण्याबाबतचे नियम' वाचून दाखवणारा माणूस अजून जन्मायचाय. मी पेटी घ्यायचे आणि दुसऱ्या दिवशी ऑफिसात कापायचे. गवतातून काढलेला, देठाशी किंचित सुरकुतलेला हापूस, सगळ्यांना दोन-दोन फोडी. ज्याने पेटी आणली तोही माझ्या 'पार्टीत' खाऊन जायचा.

खरं सांगायचं तर बँक ही संस्था ओळखदेखीच्या विरोधात उभी केलेली आहे. रिझर्व्ह बँक सांगते, जोखमीच्या टेबलावरच्या माणसाला वर्षातून एकदा सलग किमान १० कामकाजाचे दिवस सक्तीच्या रजेवर पाठवा, तेही आगाऊ न सांगता. म्हणजे त्याच्या गैरहजेरीत टेबलाखालचं काही असेल तर वर येईल. (ही रजा गणपतीत कधीच येत नाही, हे स्टाफचं जुनं दुखणं.) तिजोरीचंही तसंच. दोन किल्ल्या, दोन माणसं. एक किल्ली माझ्याकडे, दुसरी हेड कॅशियरकडे, आणि दोघंही हजर असल्याशिवाय दार हलत नाही. मैत्री झाली की हाच नियम पहिल्यांदा सैल होतो. "अहो, तुमच्यावर विश्वास नाही का?" एवढं वाक्य पुरतं.

ते वाक्य म्हणणारी मी होते.

आमचे हेड कॅशियर, सगळे त्यांना भाऊ म्हणत, रिटायरमेंटला आलेले. जुलैतला रविवार होता, मासेमारी बंद, ताजं काही नाही, म्हणून वहिनींनी सोडे-वांगं (सोडे म्हणजे सुकवलेली कोळंबी) केलं होतं आणि मला मुद्दाम बोलावलं होतं. दुपारी जेवून, पान खाऊन, पावसात गप्पा मारत संध्याकाळ केली. सोमवारी सकाळी माझ्या वाडीच्या रस्त्यावर फणस आडवा पडलेला. स्कूटर निघेना. मामा मात्र पाखाडीने, म्हणजे पायऱ्यांच्या पायवाटेने, चालत येऊन पलीकडे उभे होते. मी भाऊंना फोन लावला. म्हटलं, "किल्ली मामांबरोबर पाठवते. तुम्ही उघडा, काउंटर सुरू करा. तासाभरात पोचतेच."

पलीकडे थोडा वेळ फक्त पावसाचा आवाज.

"नको."

"अहो भाऊ, तुमच्यावर विश्वास नाही का माझा?"

"काल जेवण माझ्या घरचं होतं, म्हणून वाढलं," भाऊ म्हणाले. "किल्ली माझ्या घरची नाही. तुमच्याही नाही. तुम्ही या सावकाश, लोक थांबतील."

सलवार गुडघ्यापर्यंत दुमडून, शेवाळलेल्या पायऱ्यांवर मामांचा हात धरून मी ती पाखाडी उतरले. पोचले तेव्हा साडेदहा वाजून गेले होते, पेन्शनवाले बाकावर बसून होते. भाऊंनी माझ्या चिखलाच्या पायांकडे पाहिलंही नाही. आपली किल्ली फिरवली, बाजूला झाले आणि तोंड भिंतीकडे करून उभे राहिले, रोजच्यासारखे. दुपारी डबा उघडताना म्हणाले, "तुमच्या वहिनींनी सोडे दिलेत थोडे."

मला वाटायचं अंतर राखणं हे साहेबाचं काम. ती माणसं मात्र ते लहानपणापासून करत आलेली. हे नीट दिसलं ते शिमग्यात. सहाणेवर, म्हणजे देवाच्या पालखीच्या ठरलेल्या जागेवर, पालखी बसली होती, आणि आमचे शिपाईमामा, जे रोज माझा चहा आणतात, ते तिथे मानकरी. फेटा बांधलेला, आवाज वेगळाच. मी नारळ पुढे केला तर त्यांनी तो एका हाताने घेतला आणि दुसऱ्या हाताने मला मागे सरायची खूण केली, आणि मी सरले. दोन दिवसांनी तेच मामा ट्रे घेऊन आत आले, "साखर कमी टाकलीय मॅडम."

तिथेच सहाणेवर त्यांनी माझ्यासाठी गाऱ्हाणं घातलं, म्हणजे देवापुढे मागणं मांडलं. तिसरं वर्ष संपत आलं होतं, बदलीचे दिवस. "बा देवा महाराजा, ही तुझी लेक घाटावरून आली, तिने सगळ्यांच्या घरचं गोड मानून घेतलं, तिची बदली तिच्या मनासारखी आणि लवकर होऊ दे रे महाराजा!"

"होय महाराजा!" आख्खी सहाण ओरडली. त्यात भाऊंचा आवाज मला जरा जास्तच मोठा वाटला.