कुडीतला सातवा हिरा

लेकीच्या साखरपुड्याला महिना असताना सासूबाईंच्या हिऱ्याच्या कुड्या पेटीतून काढल्या, तर डाव्या कुडीतलं एक घर रिकामं. पेटीतला कापूस पिंजून पाहिला, खडा नाहीच.

पहिल्या दुकानात (नाव लिहीत नाही) दोन दिवसांत नवा खडा बसवून मिळाला. "हिराच आहे ना?" विचारलं, तर त्यांनी पेनासारखा टेस्टर टेकवून आवाज ऐकवला. बिलावर एवढंच : 'हिरा, १ नग, १२ सेंट' (शंभर सेंटचा एक कॅरेट). घरी सासूबाईंनी कुडी खिडकीशी धरली. बाकीचे सहा खडे किंचित पिवळसर, जुन्या घडणीचे. हा एकटा पांढराशुभ्र. "हा आपल्यातला नाही गं," म्हणाल्या.

मग सराफ बाजारातल्या आमच्या नेहमीच्या काकांकडे गेले. त्यांनी आधी टेस्टरचं कोडं सोडवलं. हिरा उष्णता झटकन पसरवतो, टेस्टर तेवढंच बघतो. लॅबग्रोन, म्हणजे खाणीतून न काढता यंत्रात वाढवलेला हिराही अस्सल कार्बनचा, तितकाच कठीण, त्यामुळे टेस्टर त्यालाही हिराच म्हणणार. भिंगातूनसुद्धा खात्रीने सांगता येत नाही. खाणीतल्या बहुतेक हिऱ्यांत थोडा नायट्रोजन असतो, पिवळसर झाक बहुधा त्याचीच. सीव्हीडी पद्धतीने, म्हणजे वायूतून कार्बनचे थर बसवून वाढवलेल्या खड्यात तो जवळजवळ नसतो. त्यांच्या मशीनवर सहा खडे नैसर्गिक ठरले, सातव्यापुढे 'पुढील तपासणी करा' असं आलं. क्वचित खाणीतला हिराही नायट्रोजनशिवाय असतो, म्हणून काकांनी लगेच ठपका ठेवला नाही. खडा उतरवून मुंबईच्या लॅबला पाठवला. आठ दिवसांनी रिपोर्ट आला : लॅबग्रोन, सीव्हीडी.

मला राग आला तो त्या खड्याचा नाही. बिलावर एक शब्द गाळून खाणीतल्या हिऱ्याचे पैसे घेतले, याचा आला. रिपोर्ट समोर ठेवल्यावर त्या दुकानाने फरकाची रक्कम परत केली. खडा मी ठेवून घेतला.

आणि याच धावपळीत लेकीची अंगठी ठरली. तिला एक कॅरेटचा, म्हणजे २०० मिलिग्रॅमचा हिरा हवा होता. मला सांगितलेल्या भावात लॅबग्रोन खाणीतल्याच्या दहाव्या हिश्श्याच्या आसपास पडत होता. ती म्हणाली, "आई, उरलेले पैसे फ्लॅटला होतील." काकांनी मात्र बजावलं, "ताई, गुंतवणूक समजून घेऊ नका. याचे भाव गेल्या काही वर्षांत फार उतरलेत." खाणीतला हिराही मोडायला नेला की दिलेले पैसे सहसा परत येत नाहीत, सोन्यासारखं नसतं ते, हेही त्यांनीच सांगितलं. असं दोन्ही बाजूंचं सांगणारा सराफ मिळायला भाग्य लागतं.

हा हिरा बनतो कसा, तेही मी विचारून घेतलं. हिऱ्याची पातळ चकती बंद पात्रात ठेवतात, मिथेन आणि हायड्रोजन सोडून त्यांचा प्लाझ्मा करतात, आणि कार्बन थरावर थर बसत जातो. काही आठवड्यांत खडा तयार. जमिनीखाली दीडशे किलोमीटर किंवा त्याहून खोल, अब्जावधी वर्षांपूर्वी जे झालं, ते सुरतेच्या कारखान्यात रोज होतंय. मला हे मनापासून थोर वाटतं. वीज मात्र भरपूर लागते.

अंगठी घेताना दहापट भिंगातून हिऱ्याच्या कडेवर कोरलेला नंबर लेकीने एकेक आकडा मोठ्याने वाचला, मी रिपोर्टशी ताडून पाहिला. सोन्यावरचा सहा अक्षरी एचयूआयडी, म्हणजे हॉलमार्कचा नंबरही तपासला. बिलावर 'लॅबग्रोन' लिहून घेतल्याशिवाय उठलो नाही.

कुडीसाठी मात्र मी जुनाच खडा मागितला. काका त्र्यंबकेश्वराच्या नासक हिऱ्याचं सांगू लागले. १८१८ मध्ये पेशव्यांकडून तो इंग्रजांच्या हाती गेला, परदेशात पुन्हा पैलू पाडले, आता ४३.३८ कॅरेटचा उरलाय. तरी दोनशे वर्षांनीही नाव आपल्या नाशिकचंच. कुडीतल्या त्या सहा खड्यांनाही सासूबाईंच्या आईचे हात लागलेत, तिथे मला जोडीला तसाच हवा होता. मोडीच्या दागिन्यातला एक पिवळसर खडा मिळाला. बिलावर 'नैसर्गिक'.

उतरवलेला बारा सेंटचा खडा लेकीने चमकीत बसवून घेतला. साखरपुड्याला आजी-नात शेजारी बसल्या होत्या, एकीच्या कानात कुड्या, दुसरीच्या नाकात ती चमकी.