म्हशीच्या जागी गवा

शनिवार, रात्र

काल आमच्या दूध संकलनाच्या ॲपची, म्हणजे कॉलेजच्या प्रोजेक्टची, एक्स्टर्नल (बाहेरच्या परीक्षकांची परीक्षा) झाली एकदाची. सर आले, चहा घेतला, रिपोर्ट चाळला, युज केस डायग्रामवर (ॲपमध्ये कोण काय करतं त्याचं चित्र) बराच वेळ बोलले, ॲप बघितलं ते अगदी शेवटी, तेही लॉगिन स्क्रीनचा कलर छान आहे म्हणाले आणि फ्युचर स्कोपमध्ये एआय टाका असं सांगून पुढच्या ग्रुपकडे गेले. मार्क बरे पडतील असं वाटतंय. पण ज्या गोष्टीवर आमचं निम्मं सेमिस्टर गेलं तिच्याबद्दल कोणी एक अक्षर विचारलं नाही, म्हणून इथे लिहून ठेवतोय, नाहीतर उद्या इंटरव्ह्यूला कोणी विचारलं तर आम्हीपण लॉगिन स्क्रीनबद्दलच सांगत बसू.

ग्रुप चौघांचा. मी, बार्शी, कणकवली आणि आजरा. (आमच्यात नावाने कोणी हाक मारत नाही, गाव हेच नाव.) आजऱ्याचे मामा त्यांच्या गावातल्या दूध संस्थेचे सचिव, सगळं गाव त्यांना आबा म्हणतं, म्हणून विषय तिथूनच निघाला, दूध संकलनाचं ॲप. कोल्हापूर जिल्ह्यात हे कोणाला समजावून सांगावं लागत नाही, आमचा जिल्हा दूध संघ गोकुळ १९६३ चा आहे, आमच्या आज्यापासून सगळे सकाळ संध्याकाळ किटली घेऊन रांगेत उभे राहिलेले. पण बार्शीला सांगावं लागलं. सभासद येतो, नंबर सांगतो, दूध मापात पडतं, सॅम्पल मशीनला लागतं, फॅट आणि एसएनएफ (फॅट सोडून दुधातला बाकीचा घन भाग) येतं, त्या दोघांवरून दर ठरतो, पावती निघते, आणि दहा दिवसांनी पेंडीची नि ॲडव्हान्सची कपात करून बिल. एवढंच. ऐकताना वाटलं दोन आठवड्यांचं काम आहे.

मग कामाची वाटणी झाली आणि तिथे प्रत्येकाला सुंदर दिसणारं काम पाहिजे होतं. बार्शीने फिग्मा म्हणजे डिझाईन घेतलं, कणकवलीने फायरबेस म्हणजे डेटा साठवणं, मी फ्लटरमध्ये ॲपच्या स्क्रीन बनवणं, आजऱ्याने रिपोर्ट आणि आबांशी बोलणं. दरपत्रक कोणीच घेतलं नाही. ते कागदावर 'मास्टर डेटा' या नावाखाली एका चौकोनात होतं आणि तो चौकोन कोणाचाच नव्हता. आता मागे वळून बघितलं तर अख्खं ॲप म्हणजे तो चौकोन आहे, बाकी सगळी रंगरंगोटी.

पण आधी रंगरंगोटीचं सांगतो कारण त्यात मजा आली. बार्शीने काढलेलं डिझाईन खरंच देखणं होतं, गोल कडा, सावल्या, म्हैस आणि गाय निवडायला दोन गोंडस आयकॉन. आम्ही फोन घेऊन सकाळी सहाला संस्थेत गेलो. रांग बाहेर रस्त्यापर्यंत, मापाड्याचे हात कोपरापर्यंत ओले, फॅट मोजायच्या मशीनवर बसलेल्या मावशींच्या एका हातात सॅम्पलची बाटली. ओल्या बोटाला टचस्क्रीन ऐकत नाही हे आपल्याला माहीत असतं पण डिझाईन करताना आठवत नाही. बटण कमीत कमी ४८ डीपी (स्क्रीनवरचं माप) असावं असं गुगलच्या मटेरियल डिझाईन या नियमावलीत लिहिलंय, ते आम्ही पाळलं होतं, पण ते सोफ्यावर बसून फोन बघणाऱ्या माणसासाठी असणार. इथे दुप्पट केलं तेव्हा कुठे बोट बसायला लागलं.

आणि आयकॉन. फुकटच्या आयकॉनच्या साईटवर बार्शीने इंग्रजीत बफेलो शोधलं होतं, तिथे अमेरिकेतला तो केसाळ बायसन येतो, वशिंड वर आलेलं, मान खाली घातलेली. आबांनी चष्मा वर करून बघितलं आणि म्हणाले, "ह्यो गवा कशाला घातलाय रं? रात्री उसात येतोय तेवढा बास की." आजरा तालुक्यात हा विनोद नाही, तिथे खरंच गवे शेतात उतरतात. दोन्ही आयकॉन काढले आणि सरळ म्हैस, गाय असे शब्द मोठ्या अक्षरात टाकले. त्यातही पहिल्या बिल्डमध्ये ओळीची उंची कमी पडून वरच्या मात्रा छाटल्या जात होत्या. लॅटिन अक्षरं धरून उंची ठरवली की देवनागरीचं डोकं उडतं, ती वाढवावी लागते.

मावशींनी मात्र सगळ्यात महत्त्वाची गोष्ट शिकवली आणि त्यांना ते माहीतपण नाही. फॅटच्या रकान्यात त्यांनी ६५ टाकलं. आमचं ॲप म्हणालं, फॅट १५ पेक्षा जास्त असू शकत नाही. परत ६५. परत लाल अक्षरं. मागे रांग बडबडायला लागली. मग कळलं की त्यांच्या जुन्या मशीनला टिंब दाबायचंच नसतं, ६५ म्हणजे ६.५ आणि १०२ म्हणजे १०.२, शेवटचा आकडा नेहमी टिंबाच्या पुढचा. किती साधं आहे! एका नोंदीत फॅट आणि एसएनएफ मिळून दोन टिंबं वाचतात, दोनशे सभासद, दिवसातून दोन वेळा, करा हिशोब. त्या दिवशी आम्ही कीपॅडवरचं टिंबच काढून टाकलं आणि फोनचा कीबोर्ड न वापरता स्वतःचा दहा आकड्यांचा कीपॅड बनवला. त्याने अजून एक भानगड मिटली, कारण मराठी कीबोर्ड चालू असला की कोणी ७ हा मराठी टाकायचं आणि डार्टला (फ्लटरची भाषा) तो आकडा वाटतच नाही, ते वाचताना सरळ एरर फेकतं. मराठी ॲपमध्ये मराठी आकडा चालत नाही म्हणजे कमालच.

रेंजचं असं की संस्थेच्या खोलीत एक दांडी कधी असते कधी नसते. कणकवली म्हणाला टेन्शन नाही, फायरस्टोअर (फायरबेसचा डेटाबेस) मोबाईलवर ऑफलाईन चालतं, नोंद फोनमध्ये राहते, नेट आलं की वर जाते. बरोबरच आहे ते. पण आम्ही कोडमध्ये सेव्ह केल्यावर अवेट (थांबायची सूचना) लावलं होतं, आणि ते अवेट सर्व्हरकडून उत्तर येईपर्यंत थांबतं. म्हणजे नोंद फोनमध्ये केव्हाच झालीय पण स्क्रीनवर गोल गोल फिरतंय, मावशी परत सेव्ह दाबतायत, आणि नेट आल्यावर एकाच सभासदाच्या तीन नोंदी. लोडर काढला, अवेट काढलं, नोंदीला तारीख, सकाळ की संध्याकाळ, आणि सभासद नंबर मिळून एकच आयडी दिला म्हणजे कितीही वेळा दाबलं तरी तीच नोंद पुन्हा लिहिली जाते. एकाच जणाने दोन किटल्या आणल्या तर काय, हा प्रश्न आजऱ्याने काढला, मग आयडीला शेवटी किटलीचा नंबर.

फायरबेसच्या फुकटच्या प्लॅनमध्ये दिवसाला ५०,००० रीड, म्हणजे तेवढ्या नोंदी वाचायला मिळतात, ऐकायला डोंगर वाटतो. बिलाची स्क्रीन उघडली की दोनशे सभासद गुणिले दोन वेळा गुणिले दहा दिवस, ४,००० नोंदी एका झटक्यात. बारा तेरा वेळा उघडली की संपला डोंगर. मग प्रत्येक सभासदाची चालू बिलाची बेरीज वेगळी ठेवायला लागलो.

आता दरपत्रक. आम्हाला वाटलेलं सूत्र असेल, फॅट गुणिले काहीतरी. तसं नसतं. दर सांगताना म्हशीला ६.० फॅट ९.० एसएनएफ आणि गाईला ३.५ आणि ८.५ धरून सांगतात, पण प्रत्यक्षात संघाकडून येतो तो तक्ता, उभं फॅट आडवं एसएनएफ, पॉईंट एकच्या पायरीने, आणि प्रत्येक चौकोनात एक दर. खाली जाताना कपातीच्या उड्या सगळीकडे सारख्या नाहीत, त्यामुळे सूत्र बसवायला जाल तर कुठल्यातरी चौकोनात पैशांनी चुकाल, आणि गावात पैशांनी चुकणं म्हणजे काय ते संस्थेच्या कट्ट्यावर उभं राहिल्याशिवाय कळत नाही. "आज फॅट किती लागली?" यावर तिथे भावाभावात बोलणं बंद होतं.

लाईट गेली आणि मशीन बंद पडलं की लॅक्टोमीटरची (दुधाची घनता मोजायची नळी) डिग्री घेऊन एसएनएफ काढतात. डिग्री भागिले चार, अधिक फॅट गुणिले एक आकडा, अधिक दुसरा आकडा. हे दोन आकडे कुठे ०.२५ आणि ०.४४ असतात, कुठे ०.२१ आणि ०.३६. मी ६.५ फॅट आणि २८ डिग्री घालून बघितलं, पहिल्याने ९.०६५ येतं, दुसऱ्याने ८.७२५. तेच दूध, तीच म्हैस, एकदा ९.० च्या वर आणि एकदा खाली! म्हणून ते आकडे कोडमध्ये न लिहिता सेटिंगमध्ये ठेवले आणि त्याला पासवर्ड. पासवर्ड फक्त आबांकडे.

त्याहून मोठं म्हणजे दर बदलतो तेव्हा. नवा तक्ता येतो तो अमुक तारखेच्या सकाळपासून किंवा संध्याकाळपासून लागू. जुन्या नोंदींना जुनाच दर राहिला पाहिजे, बिलाच्या मध्येच बदल झाला तरी. त्यामुळे तक्ता एक नाही, तक्त्यांची थप्पी, प्रत्येकावर कधीपासून लागू याचा शिक्का, आणि नोंद करताना त्या वेळचा दर नोंदीतच लिहून ठेवायचा. आमच्या देखण्या ईआर डायग्राममध्ये (कुठला डेटा कुठे ठेवायचा त्याचा नकाशा) दर म्हणजे एकच रकाना होता. हे बदललं त्या आठवड्यात कणकवली आणि मी दोघांनी एकच फाईल आपापल्या परीने बदलली, दोन्ही बदल एकत्र करताना जे झालं ते न लिहिलेलं बरं, दोघं एक दिवस जेवायलापण वेगवेगळे गेलो.

बिलाचंही असंच, दहा दिवसांचं बिल म्हणतात म्हणून दहा दहा मिळवत गेलं की ३१ तारीख अनाथ होते. १ ते १०, ११ ते २०, आणि २१ ते महिनाअखेर, मग फेब्रुवारीत शेवटचं बिल आठ दिवसांचं. पैसे रुपयांत टिंबासकट न ठेवता पैशांत पूर्ण आकडा ठेवला, कारण कॉम्प्युटरला ०.१ अधिक ०.२ विचारलं की तो ०.३ च्या मागे शून्यांची रांग आणि शेवटी एक ४ लावून देतो.

आणि पावती. "समदं बरं हाय, पण पावती कुठाय?" हे आबांचं पहिल्या दिवसापासूनचं वाक्य. आम्ही एसएमएस, पीडीएफ, सगळं दाखवलं. नाही, कागद पाहिजे. ब्लूटूथचा छोटा प्रिंटर मराठी मजकूर पाठवला की चिन्हांची खिचडी छापतो, शेवटी पावतीचं चित्र बनवून चित्रच छापलं. पीडीएफची जी लायब्ररी घेतली होती तिच्यात जोडाक्षरं फुटत होती तिथेही तोच उपाय. आमच्या वर्गात मशीन लर्निंगवाले ग्रुप होते, त्यांच्यापुढे आम्ही चित्र छापणारे. पण कागद निघाला तेव्हा एका आजींनी तो दोनदा घडी घालून कनवटीला लावला, चालत्या ॲपचा डेमो मला तोच वाटला.

रिपोर्टमध्ये आम्ही ॲजाईल (थोडं थोडं करून दाखवत जायची पद्धत) लिहिलंय, स्प्रिंटसकट, म्हणजे कामाच्या छोट्या फेऱ्यांसकट. आमचं स्प्रिंट म्हणजे आजऱ्याला आबांचा फोन यायचा ते.

मंगळवार

बार्शी म्हणतो प्ले स्टोअरवर टाकू. अकाउंटचे २५ डॉलर चौघांत काही फार नाहीत, पण नवीन पर्सनल अकाउंटला आधी १२ टेस्टर सलग १४ दिवस ठेवावे लागतात. टेस्टर गावात मिळतील, संचालक मंडळच बसवू म्हणाली आजरा. मला विचाराल तर एका संस्थेसाठी व्हॉट्सॲपवरून एपीके, म्हणजे ॲपची फाईल, पाठवणं पुरे आहे. यावर अजून भांडण चालू आहे.

तेवढ्यात दुपारी आबांचा फोटो आला. २१ तारखेपासून नवीन दर, तक्ता तिरका काढलेला, कोपऱ्यात अंगठा. प्रोजेक्टचे मार्क लागून गेले असतील, संघाला त्याचं काय. टाईप करायला यावेळी बार्शीला बसवलाय, मी शेजारी वाचून दाखवतोय, आणि एक छोटा चेक लिहिलाय की फॅट वाढलं आणि दर कमी झाला असा चौकोन दिसला तर ओरडायचं. दोनदा ओरडला. एकदा बार्शीचं बोट होतं, एकदा तो अंगठा. म्हशीचा तक्ता झाला, गाईचा उद्या.