हयातीचा दाखला, समग्र आणि पुण्याला गेलेला ओटीपी

नोव्हेंबर लागला की इंदूरच्या रामबाग, लोकमान्य नगर भागातल्या मराठी घरांत हयातीच्या दाखल्याची गडबड सुरू होते. (८० वर्षांवरच्या केंद्रीय पेन्शनरांना तो १ ऑक्टोबरपासूनच देता येतो.) जीवन प्रमाण, म्हणजे हा दाखला ऑनलाइन देण्याची सोय, २०१४ पासून आहे आणि आता चेहरा दाखवूनही काम होतं, तरी घोळ संपत नाही. कारण प्रत्येकाचा आपापला फोन असतो, असं हे फॉर्म धरून चालतात.

आईच्या आधारला नंबर मुलाचा, आणि मुलगा पुण्यात. समग्रची (मध्य प्रदेश सरकारच्या कुटुंब नोंदणीची) ई-केवायसी, म्हणजे आधारवरून ओळख पडताळणी, ओटीपीने करायची, तर ओटीपी त्याच्याकडे जातो. तो मीटिंगमध्ये, इकडे मुदत संपते. आधार केंद्रात आईला नेऊन तिचाच नंबर जोडून घ्या, त्याला कागदपत्र लागत नाही. जीवन प्रमाणात मात्र ओटीपी आपण टाकू त्या नंबरवर येतो, म्हणून हाताशी असलेल्या फोनचाच टाका.

फोनवर 'जीवन प्रमाण' आणि 'आधार फेस आरडी' ही दोन्ही ॲप्स लागतात. आधी ऑपरेटरचा चेहरा घेतात, म्हणजे फोन चालवणाऱ्याचा, मग पेन्शनरचा. खिडकीकडे तोंड करून बसवा, चष्मा काढा, पापण्यांची उघडझाप करायला सांगा. इथवर सगळं सोपं. खरी चूक पेन्शनचा तपशील भरताना होते: वडील गेल्यावर आईला फॅमिली पेन्शन मिळते, पण घरचे सवयीने 'सर्व्हिस' निवडतात आणि वडिलांच्या वेळचा जुना तपशील भरतात. प्रमाण आयडी (दाखल्याचा क्रमांक) मिळाला म्हणजे दाखला मंजूर झाला, असं नव्हे. पीपीओ (पेन्शन पेमेंट ऑर्डर) नंबर किंवा पेन्शन देणारी बँक चुकली, तर तो तिकडून नाकारला जातो. आठवड्याभरात स्थिती पाहाच.

दुसरी गाठ नावाची. मार्कशीटवर माहेरचं, आधारवर सासरचं, आणि मधलं नाव कधी वडिलांचं, कधी नवऱ्याचं. त्यात आपले काळे हिंदी नोंदीत 'काले' होतात. नाव जुळलं नाही की समग्रची विनंती झोन कार्यालयाच्या मंजुरीसाठी अडकते. आधारवर नाव आयुष्यात दोनदाच बदलता येतं, तेव्हा कोणत्या कागदाप्रमाणे करायचं ते आधी घरात ठरवा.

आणि लग्न झालेल्या मुलीचा नवा समग्र आयडी काढू नका. कियोस्कवाले घाईत काढून देतात आणि मग डुप्लिकेट म्हणून दोन्ही अडकतात. तिचा जुना ९ अंकी सदस्य आयडीच सासरच्या ८ अंकी कुटुंब आयडीत हलवून घ्यायचा.