साउथ साइडच्या स्त्रियांनी लिहून घेतलेले संमतिपत्र

शिकागोच्या साउथ साइड भागातील आफ्रिकन-अमेरिकन कुटुंबांना स्तनाच्या कर्करोगाविषयीच्या जनुकीय संशोधनात सहभागी करून घेणाऱ्या प्रकल्पात मी समन्वयक म्हणून रुजू झाले, तेव्हा संमतिपत्राचा मसुदा तयार होता. तो परिसरातील चर्चच्या महिला मंडळाने आणि या आजारातून बऱ्या झालेल्या स्त्रियांनी आमच्यासोबत बसून ओळ न् ओळ बदलून घेतला, आणि प्रकल्पातील सर्वांत मोलाचे काम तेच होते, असे मी मानते.

पहिल्याच बैठकीत टस्कीगीचा विषय निघाला. अलाबामात १९३२ ते १९७२ या काळात सरकारी आरोग्य सेवेने सिफिलिस झालेल्या ३९९ कृष्णवर्णीय पुरुषांना, पेनिसिलिन उपलब्ध झाल्यानंतरही, उपचारांविना केवळ निरीक्षणाखाली ठेवले होते. पाठोपाठ कर्करोग झालेल्या कृष्णवर्णीय रुग्ण हेन्रिएटा लॅक्स यांचे नाव आले; १९५१ मध्ये त्यांच्या गाठीतून घेतलेल्या पेशी त्यांना न विचारता जगभरच्या प्रयोगशाळांत पोहोचल्या. असा इतिहास माहीत असलेल्या माणसांचा संशय जनजागृतीच्या व्याख्यानाने कसा दूर होणार? रक्ताचा नमुना कोठे राहील, कोणाला दिला जाईल आणि माघार घेतल्यास त्याचे काय होईल, याची उत्तरे त्यांना लेखी हवी होती.

विम्याचा मुद्दा अधिक नाजूक होता. जनुकीय माहितीवरून आरोग्य विम्यात आणि नोकरीत भेदभाव करण्यास २००८ च्या संघीय कायद्याने मनाई आहे. आयुर्विम्याला मात्र तो लागू नाही. हे ठळकपणे सांगितल्यास नोंदणी घटेल, अशी आमच्यातील काहींना भीती वाटत होती, तरीही मंडळाच्या आग्रहाने ते पहिल्याच पानावर आले.

सर्वाधिक चर्चा निकालांवर झाली. दोष असल्यास स्तनाच्या कर्करोगाचा धोका वाढवणाऱ्या बीआरसीए१ आणि बीआरसीए२ या जनुकांविषयीची माहिती प्रामुख्याने युरोपीय वंशाच्या लोकांकडून गोळा झालेली असल्यामुळे कृष्णवर्णीय स्त्रियांच्या चाचणीत आढळलेल्या जनुकीय बदलावर ‘अर्थ अनिश्चित’ असा शेरा अधिक वेळा येतो, आणि औषधांना लक्ष्य करता येणारे तीन नेहमीचे घटक पेशींत नसल्यामुळे उपचारांस अवघड असा ट्रिपल निगेटिव्ह कर्करोग तर त्यांच्यात गोऱ्या स्त्रियांच्या सुमारे दुप्पट आढळतो. अनिश्चित ठरलेल्या बदलाचा अर्थ पुढे स्पष्ट झाला तर आम्हाला कोण कळवणार, हा एका वयस्कर बाईंचा प्रश्न मला अत्यंत रास्त वाटला. त्यानुसार कळवण्याची जबाबदारी संमतिपत्रात नमूद झाली. सदोष जनुक वडिलांकडूनही येऊ शकते, हेही तेथेच लिहिले गेले, कारण अनेक घरांत केवळ आईकडच्या आजारांचीच चौकशी होत असे.

प्रत्येक बदलासाठी नीतिसमितीची मंजुरी पुन्हा घ्यावी लागली. आता नमुने अन्य संस्थेला देण्याच्या प्रत्येक विनंतीवर मंडळाचे मत घेतले जाते, आणि या कामाचे मानधन त्यांना संशोधन निधीतून मिळते.