बाळाच्या डोक्यात पाणी: न्यूरोसर्जनला पहिल्या भेटीत काय विचारायचं

स्कॅनमध्ये हायड्रोसेफॅलस, म्हणजे मेंदूतल्या पोकळ्यांत पाणी साठल्याचं, आलं की घाईत रिपोर्ट बरोबर नेला जातो आणि सीडी घरीच राहते. सर्जनला चित्रं बघायची असतात. जुने-नवे सगळे स्कॅन न्या; मेंदूतल्या पोकळ्या वाढताहेत का, हे तुलनेतूनच कळतं.

डोक्याच्या घेराची नोंद फार मोलाची. न ताणणारी टेप भुवयांच्या आणि कानांच्या वरून, मागच्या सर्वांत फुगीर भागावरून फिरवा. 3 वेळा मोजून सर्वांत मोठा आकडा तारखेसह लिहा. टेप मागे मानेकडे घसरली की आकडा कमी येतो आणि खरी वाढ झाकली जाते. लसीकरणाच्या कार्डावरचे जुने आकडेही उतरवून घ्या.

पहिला प्रश्न: पाणी नेमकं कुठे अडलंय? पुढचं बरंचसं यावर ठरतं. दुर्बिणीतून पाण्याला नवी वाट करता येईल, की शंटच (साठलेलं पाणी बाहेर वळवणारी बारीक नळी) लागेल? 6 महिन्यांच्या आतल्या बाळांत ती वाट बंद होण्याचा धोका जास्त असतो, म्हणून 'आमच्या बाळाच्या वयात किती टिकेल?' असंच विचारा. शंटचा व्हॉल्व्ह (पाणी किती वाहावं हे ठरवणारी झडप) ठरावीक दाबाचा, की बाहेरून बदलता येणारा? बदलता येणाऱ्याचं सेटिंग एमआरआयनंतर तपासून घ्यावं लागतं. शंट तुंबला किंवा संसर्ग झाला तर कसं ओळखायचं? आणि रात्री 2 वाजता फोन कुणाला करायचा? नंबर तिथेच लिहून घ्या.

टाळू तट्ट फुगली, उलट्या थांबेनात, बाळ नीट जागं होईना, तर अपॉइंटमेंटची वाट बघू नका. थेट इमर्जन्सीत न्या.